हुसेनभाई आणि खंडेनवमीची डिस्क

हुसेनभाई अत्तार आमच्या दारात पाऊल टाकतात ते एकच प्रश्न घेऊन. "कोणी हात लावला?" नमस्कार नाही, कसं काय नाही. पाण्याचा पेलासुद्धा ह्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरच हातात घेतात. आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवलाय: 'उघडू नये. उघडल्यास मला बोलावू नये.' येणारेजाणारे तो वाचून हसतात. मी कधी हसले नाही, कारण ते खरंच येणार नाहीत ह्याची मला खात्री होती.

माझा भरतकामाचा व्यवसाय आहे. कर्वेनगरात आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आहे. शाळांचे बिल्ले, ब्लाउजच्या पाठी, बाळाच्या दुपट्यावरचं नाव, सगळं त्यावर होतं. मशीन जुनं आहे आणि ते फक्त ह्या जुन्या कॉम्प्युटरचंच ऐकतं. कॉम्प्युटरमध्ये दोन जाडजूड हार्ड डिस्क आहेत. एकीवर कॉम्प्युटर चालवणारी सगळी व्यवस्था, दुसरीवर माझी आजवरची डिझाइनं. "नवीन घे की," असं नवरा दर दिवाळीला म्हणतो. नवीन कॉम्प्युटर घेतला तर नवीन मशीनही घ्यावं लागेल, हे मी दर दिवाळीला सांगते. आमचा फराळ असा होतो.

ह्या असल्या जुन्या डिस्क बसवणारा माणूस आता शोधूनही सापडत नाही. हुसेनभाई कॅम्पात वडिलांच्या घड्याळाच्या दुकानात वाढले. मनगटी घड्याळाचं दातेरी चक्र चिमट्यात कसं धरायचं ते वयाच्या आठव्या वर्षी शिकले. पुढे घराघरांत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनी घड्याळं धाकट्या भावाला दिली आणि स्वतः इकडे वळले. वर्ध्या-नांदेडहून शिकायला आलेल्या पोरांना सुटे भाग जोडून कॉम्प्युटर करून द्यायचे, आणि त्या पोरांनी ते बिघडवले की शिव्या देत दुरुस्त करायचे. ती पोरं आता हिंजवडीला कंपनीच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतात. हुसेनभाईंकडे उरलो आम्ही. माझं भरतकामाचं मशीन, खडकवासल्याच्या रस्त्यावरचा महिपतीचा, असल्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालणारा ट्रकचा वजनकाटा, आणि अशीच दोन-चार हट्टी माणसं.

त्यांचं काम बघण्यासारखं असतं. आधी अंगठी आणि घड्याळ काढून खिशात. मग डबा उघडून त्याच्या उघड्या पत्र्यावर तळहात टेकवायचा, क्षणभर थांबायचं, आणि त्यानंतरच डिस्कला बोट लावायचं. माझ्या सासूबाईंना, मुक्ताईंना, हे फार आवडायचं. "माणूस यंत्राच्या पाया पडून कामाला लागतो," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

सासूबाईंचा खंडेनवमीचा हट्ट ह्यातूनच सुरू झाला. हत्यारांची पूजा करायची तर खऱ्या हत्याराची, नुसत्या डब्याला कुंकू लावून काय उपयोग? पोटात जे फिरतं त्याला लावायला हवं. दुसऱ्या कोणी हे ऐकून कपाळाला हात लावला असता. हुसेनभाई पहिल्या वर्षी एवढंच म्हणाले, "काढून देतो." तेव्हापासून दर खंडेनवमीला ते सकाळी यायचे, दोन्ही डिस्क काढून पाटावर वर्तमानपत्रावर ठेवायचे आणि बजावायचे, "काकू, कुंकू ह्या कोपऱ्यात. हे बारीक भोक आहे ना, डिस्क त्यातून श्वास घेते. तिथे काही नको." आरती होईपर्यंत दारात थांबायचे, कुंकू पुसून डिस्क परत जोडायचे आणि करंजी खाऊन जायचे.

ह्या वर्षी ते आले नाहीत. आदल्या दिवशी त्यांच्या मुलीचा, अफशीनचा, फोन आला. "ताई, अब्बांचा उजवा हात थरथरतो. पावसाळ्यापासून वाढलंय. डॉक्टर म्हणाले, हे जाणार नाही. ते कुणाला सांगत नाहीत. मोतीबिंदू आहे म्हणून सगळ्यांना परत पाठवतायत. महिपतीकाका तर काटा बंद आहे म्हणून रोज फोन करतात." मग म्हणाली, "काम सोडलंत तरी चालेल म्हटलं मी. तर दोन दिवस जेवले नाहीत." मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाचं सगळं बोटांच्या टोकावर आहे त्याची बोटंच फितूर व्हावीत, हा कुठला न्याय?

मी सासूबाईंना म्हटलं, ह्या वर्षी डब्यालाच कुंकू लावू. त्या "बरं" म्हणाल्या. त्यांचं "बरं" म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी शाळेत बिल्ले द्यायला गेले आणि त्यांनी डबा उघडला.

मी परतले तेव्हा डिस्क पाटावरच होत्या. खोटं कशाला बोलू, पूजा सुरेख झाली होती. दोन्ही डिस्कवर कोपऱ्यात बोटभर कुंकू, भोकापासून लांब. वर अक्षता, झेंडूचं फूल. दर वर्षी बघून पाठ झालेलं, त्यामुळे परत जोडतानाही वायरची प्रत्येक पट्टी जिथल्या तिथे लावलेली. फक्त कॉम्प्युटर सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: डिस्क सापडत नाही. एक नाही, दोन्ही नाहीत.

मी हुसेनभाईंना फोन केला. "मी आता बाहेर जात नाही, ताई. दुसरं कोणी बघा."

माझं डोकं फिरलं. "दुसरं कोणी आहे का पुण्यात? आणि डब्यावर तुमचा कागद आहे. तो फाडू का?"

अर्ध्या तासात ते दारात होते.

"कोणी हात लावला?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. उंबऱ्यापाशी बसून त्या कापसाच्या फुलवाती वळत होत्या. हात चालू, मान खाली.

हुसेनभाईंनी डिस्क बाहेर काढल्या. ते दोन्ही हातांनी धरायचं काम, जमलं. त्यांनी मागची बाजू उजेडात धरली आणि विचारलं, "काकू, इथे पिनांवर काळं टोपण होतं. तांदळाएवढं."

"ते होय? कचरा वाटला. त्या दुसरीला नव्हतंच. म्हटलं, ह्याच एकीला कशाला हवं? निर्माल्यात गेलं."

हुसेनभाई हसले. कितीतरी दिवसांनी हसले असावेत. "त्याला जंपर म्हणतात. ह्या दोघी एकाच पट्टीवर राहतात, जावा-जावांसारख्या. टोपण असेल ती थोरली, नसेल ती धाकटी. तुम्ही थोरलीचं काढलंत. आता दोघी धाकट्या. चहा कोणी टाकायचा ह्याची वाट बघत बसल्यात." पिनांत अक्षतेचा एक दाणाही अडकला होता, लाल, ओलसर.

त्यांनी खिशातल्या डबीतून नवा जंपर काढला, चिमट्यात धरला आणि हात पुढे नेला. चिमट्याचं टोक पिनांवर वाजायला लागलं, थंडीत दात वाजतात तसं. जंपर पडला. दुसरा घेतला, मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. तोही पडला, मशीनखाली गेला. त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला आणि हात मांडीखाली घेतला.

"झालं माझं, नम्रताताई," ते म्हणाले. "म्हणूनच येत नव्हतो."

मला रडू आवरेना. मी बसवते असं म्हणावं तर माझीच बोटं भीतीने गार पडली होती.

सासूबाई उठल्या. "मी काढलं, मी बसवते. द्या इकडे."

हुसेनभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आपला चिमटा त्यांनी आजवर भावालाही दिलेला नाही. मग त्यांची नजर उंबऱ्यापाशी ठेवलेल्या फुलवातींवर गेली. ताटभर वाती, सगळ्या सारख्या, एकीचंही टोक विसकटलेलं नाही. त्यांनी चिमटा पुढे केला. "आधी..."

तोवर सासूबाईंनी अंगठी काढून पदराला बांधली होती. त्यांनी डब्याच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि तो डोळ्यांना लावला.

"ते पाया पडणं नाही हो, काकू. अंगातली वीज उतरवायला असतं."

"असेल. पण तुम्ही करता तेच केलं ना?"

"तेच केलंत," हुसेनभाई म्हणाले.

सासूबाईंनी केसांतल्या आकड्याने अक्षत अलगद काढली. जंपर चिमट्यात धरला. "कुठे?"

"कडेची जोडी. उभा. घाई नको."

एकदाच टक् आवाज झाला. पट्टी हुसेनभाईंनी दोन्ही हातांनी लावली. कॉम्प्युटर सुरू केल्यावर आधी आतून घरघर आली, मग पडद्यावर दोन नावं उमटली, एकाखाली एक. सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवून विचारलं, "ह्यातली थोरली कुठली?"

मी चहा केला. हुसेनभाईंनी तो कपातून न घेता बशीत ओतून दोन्ही हातांनी प्यायला आणि हात थरथरला तरी लपवला नाही. त्यांचं लक्ष कॉम्प्युटरकडे नव्हतं. सासूबाई पुन्हा वाती वळायला बसल्या होत्या, तिकडे बघत होते.

"काकू, उद्या सकाळी काय करताय?"

"उद्या? गवार निवडायचीय. का?"

त्यांनी फोन काढला. पलीकडचा महिपतीचा आवाज मला खोलीच्या ह्या टोकाला ऐकू येत होता. "आवं, खरंच येताय? आन डोळ्याचं? एकटंच येनार का कोन हाय बरूबर?"

"डोळे ठीक आहेत, महिपती. हात गेलाय माझा," हुसेनभाई म्हणाले. "पण उद्या दहाला येतो. दोघं येतोय."

सासूबाईंनी वातींचं ताट बाजूला ठेवलं, आतून गवारीची पिशवी आणली आणि माझ्यापुढे ठेवली.