खांद्यावरचा ब्रोच

जेवणं आटोपली आहेत, मुलाकडची माणसं यायला अवकाश आहे, म्हणून मी पार्लरच्या खुर्चीत जरा पाठ टेकते. नवऱ्या मुलींना साड्या नेसवणं हा माझा धंदा. आज घरातच भाचीचा साखरपुडा, त्यामुळे पार्लर बंद. ऋजुता आतल्या खोलीत आहे. शालूच्या निऱ्या मी काढून दिल्यात, पदराला पिन लावायची तेवढी राहिली आहे, आणि तिथे तिला तिच्या आईचा ब्रोच हवा आहे.

तो आरशाखाली ठेवलाय. काशाचा, गोल, मधे रक्तासारखा लाल खडा. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, वसुधाताई. ती परदेशात जुन्या वस्तूंचा अभ्यास करायची, तेव्हा तिला तो तिकडच्या बाजारात मिळाला. तेराशे वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा बाईच्या थडग्यातला. "मेलेल्या बाईचं कसलं घालतेस? मिरजेतलं सोनं संपलं का?" असं मी तिला चिडवायचे. पंख्याचा आवाज हळूहळू लांब जातो.

"शैले, सरक जरा."

ताई शेजारच्या खुर्चीत बसली आहे. अंगावर तीच हिरवी साडी. सवाष्ण गेली म्हणून आम्ही तिला नेसवली होती. ओटी भरताना पदर सारखा घसरत होता, तेव्हा आत्याबाईंनी तिचाच ब्रोच खांद्याला लावला होता.

"कशी आहेस गं ताई?"

"थंडी फार आहे."

मी पंखा बंद करायला उठते, तर पायाखाली वाळू. आरसे जिथल्या तिथे आहेत, पण भिंत नाही. पलीकडे राखाडी समुद्र आहे आणि काठावर माणसं उभी आहेत. अंगावर जाड लोकरीची पांघरुणं, प्रत्येकाच्या खांद्यावर एक ब्रोच. मिरजेत समुद्र कुठला, असं मला वाटतही नाही.

"ही कोण माणसं?"

"ब्रोचची. यांच्यात तो नटायला नसतो, शैले. जे घर, त्या घरची नक्षी. बाई गेली की लावूनच पुरायचे, म्हणजे पलीकडे तिची माणसं तिला ओळखतात."

"पण तुझा तर आम्ही स्मशानात काढून घेतला होता."

"उंबरा ओलांडताना होता ना. ह्या लोकांनी तेवढाच बघितला आणि मला घेऊन गेले."

"आणि आई-अप्पा?"

"दिसतात लांबून. मी हाका मारते, त्यांना ऐकू जात नाही. इथे मला दुसऱ्याच नावाने बोलावतात. आधी मी गप्प बसायचे. आता ओ द्यायला लागलेय." ती माझं मनगट धरते. "माझ्या ऋजूला तो लावू नकोस."

"नाही लावत गं. शप्पथ."

मला रडू फुटतं, आणि रडता रडता रागही येतो. माझ्या बहिणीला परस्पर नेणारे हे कोण लागून गेले? तेवढ्यात ती दिसते. घोळक्यात एकटीच, खांदा उघडा, पांघरूण हाताने धरून उभी. ज्या बाईचा ब्रोच, ती हीच असणार. हिचा हिला देऊन टाकला की मिटली भानगड. ब्रोच माझ्या हातातच आहे.

"शैले, थांब," ताई म्हणते.

मी थांबत नाही. लोकर ओली आहे. मी तिच्या चुण्या घालते, पिन आतून घेते, टोक कापडात लपवते. काम करताना माझं लक्ष खांद्यावर असतं, तोंडाकडे मी कधी बघत नाही. ती हात खाली सोडते.

"तोंड बघ तिचं!" ताई किंचाळते. "शैले, तोंड बघ!"

मी बघते, आणि मला जाग येते. मी खुर्चीत नाही. आतल्या खोलीत उभी आहे, आणि माझे दोन्ही हात ऋजुताच्या खांद्यावर आहेत.

"मावशी, झोपेत चालत आलीस की काय?" ती आरशात बघून हसते. "पण काय चापूनचोपून बसवलायस गं!"

"ऋजू," मी म्हणते.

ती आरशातच बघत राहते.

"ऋजू!"

"अं?" ती जरा उशिरानेच म्हणते. "थंडी वाजतेय का गं तुला पण?"

मी पिनेला हात घालते. ती उघडत नाही. बोटांनी ओढते, दातांनी ओढते, तरी नाही. बाहेर गाड्यांची दारं वाजतात आणि भावोजींचं "या, या" ऐकू येतं. मी कात्री घेते आणि त्या महागामोलाच्या शालूचा खांदा ब्रोचसकट कापून काढते.

"मावशी! वेड लागलंय का तुला?" ऋजुता रडते, नाही नाही ते बोलते. बोलू दे. मी दाराला कडी घालते. मुठीतला तुकडा उलटा करून बघते, तर रेशमाच्या खाली, त्याच पिनेत, जाड लोकर अडकली आहे. ती ओली आहे.