नोकरी पाहायला गेलेली मंडळी

अमेरिकेतल्या लोकांनी सोफे बदलायचं थांबवलं आणि गाझियाबादेत राहणाऱ्या समाधान वानखडेची नोकरी गेली. मधला दुवा असा की नोएडातली एक कंपनी सोफ्यांची कव्हरं शिवून तिकडे पाठवत असे आणि समाधान तिच्या डिस्पॅच विभागात होता. मागणी आटली, डिस्पॅच करायला काही उरलं नाही आणि एका शुक्रवारी साहेबांनी त्याला समोसा खाऊ घालून घरी पाठवलं. काहीतरी गडबड आहे हे त्याला पहिल्याच घासाला कळायला हवं होतं, कारण या साहेबांनी आजवर कुणाला पाणीसुद्धा विचारलेलं नव्हतं.

तेव्हापासून समाधान नोकरी शोधत होता आणि नोकरी त्याला चुकवत होती. नोएडा झालं, गुडगाव झालं, फरीदाबाद झालं. मंदी आहे म्हणे. सगळीकडे मुलाखत छान व्हायची आणि शेवटी 'हम आपको बता देंगे' म्हणायचे. कुणी काही सांगायचं नाही. बायको नीलम सरकारी कार्यालयात होती म्हणून चूल पेटत होती, पण दिल्लीकडचा संसार एका पगारात बसेना. शेवटी दोघांनी ठरवलं, मार्चपर्यंत काम मिळालं नाही तर समाधानने अकोल्याला जाऊन थोरल्या भावाच्या, अतुलदादाच्या, मोबाइलच्या दुकानात बसायचं. नीलम आणि लुंबिनी इथेच राहणार. लुंबिनी तिसरीत होती. पप्पा वीकेंडला तर येणारच ना, असं तिने विचारलं. अकोला किती लांब आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. समाधान मोठ्याने "बिल्कुल" म्हणाला आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालू लागला.

नोकरी नव्हती, पण काम मात्र भरपूर होतं. याचं श्रेय मराठी मंडळाचे सचिव भालचंद्रकाका यांना. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला एक भोग चुकत नाही. महाराष्ट्रातून कुणीही उठलं आणि दिल्लीला निघालं की त्याला स्टेशनवर घ्यायला कुणीतरी जावं लागतं. तो कुणीतरी आता कायमचा समाधान झाला होता. "तू सध्या मोकळाच आहेस ना?" असं काका फोनवर विचारत, आणि या प्रश्नाला नाही म्हणायची सोय नव्हती. समाधानने कुणाच्या मेहुण्याला एम्सच्या रांगेत उभं केलं, कुणाच्या भाचीला सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस करून दिली, स्पर्धापरीक्षेला आलेल्या पोरांना खोल्या शोधून दिल्या. नोकरीत असताना तो इतका कधी राबला नव्हता.

जानेवारीत सोनीपतजवळच्या एका गोदामवाल्या कंपनीतून बोलावणं आलं. जागा डिस्पॅचचीच होती. तारीख नेमकी चौदा. त्याच दिवशी बुलढाण्याहून आलेल्या महिला मंडळाला पानिपतला काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकावर, त्या लढाईच्याच दिवशी न्यायचं त्याने काकांना कबूल केलेलं होतं. काकांना फोन केला तर काका म्हणाले, अच्छा, सोनीपत तर पानिपतच्या वाटेवरच आहे, बस दहा मिनिटं थांबव. काकांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट दहा मिनिटांत होत असे.

पहाडगंजच्या हॉटेलातून मिनीबस निघाली तेव्हा धुकं इतकं होतं की ड्रायव्हर रस्ता पाहण्यापेक्षा आठवत जास्त होता. पुढच्या सीटवर महिला मंडळाच्या अध्यक्षा विठाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. समाधानचा बेत असा होता की बायकांना एखाद्या ढाब्यावर पराठे खायला बसवावं आणि आपण गुपचूप मुलाखत उरकून यावी. पण सोनीपत जवळ आलं, थंडीने आपलं काम केलं आणि सगळ्या बसला एकदमच बाथरूमची आठवण झाली. ढाबा धुक्यात दिसेना. दिसलं ते कंपनीचं फाटक.

गेटवरच्या गार्डने शाली गुंडाळलेला तो ताफा पाहिला आणि सगळेच इंटरव्यू के लिए का, असं विचारलं. विठाबाईंना हिंदी कामापुरतं कळत होतं. त्या ठामपणे हो म्हणाल्या. गार्डने प्रत्येकीच्या गळ्यात व्हिजिटरचं कार्ड अडकवलं. बायकांना ते फार आवडलं. बाथरूमचं राहिलं बाजूला, आधी फोटो झाले.

समाधानने तोवर विठाबाईंना खरं काय ते सांगून टाकलं. नोकरी, मार्च, अकोला, लुंबिनी, सगळं. सांगून बसल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. विठाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत तुझ्या बाजूने कोण बसणार?"

मुलाखतीला आपल्या बाजूने कुणी बसत नाही, असं त्याने सांगितलं. विठाबाईंना ही पद्धत मुळीच पटली नाही. त्यांनी आजवर चाळीसेक भाचे-पुतण्यांची लग्नं जमवली होती आणि एकालाही एकट्याने पाहायला पाठवलं नव्हतं. एकटा माणूस भुलतो, नको ते कबूल करून येतो, असा त्यांचा अनुभव. त्या आत शिरल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी शिरल्या, एक खजिनदार आणि एक नुसतीच.

टेबलापलीकडे चिराग सैनी नावाचा एचआरचा माणूस बसला होता. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं. तीन बायका पाहून तो उभाच राहिला. खजिनदारबाईंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोलायचं असतं हे विठाबाईंनी त्याला हिंदीतून समजावलं. ते बिचारं खाऊन खाली बसलं. समाधान नवऱ्या मुलीसारखा मान खाली घालून बसला होता, आणि गंमत म्हणजे त्याला त्यात बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्याच्या बाजूला बसलं होतं.

चिरागने फाइल उघडली, पण पहिला प्रश्न विठाबाईंचा होता. घरात माणसं किती? चिरागने गोंधळून सांगितलं की स्टाफ साठेक आहे, आधी जास्त होता. पगार वेळेवर होतो का? होत होता, असं तो म्हणाला. या 'होत होता'वर तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग विठाबाईंनी स्थळ पाहताना त्या नेहमी शेवटी ठेवत तो प्रश्न काढला.

"पहले वाला क्यों गया?"

"गया नहीं, आंटी जी," चिराग म्हणाला. "निकाला."

"तो इसको क्यों लेते हो?"

चिरागने फाइल मिटली. मग उठला, दार लावलं आणि परत येऊन बसला. जागा नाहीच आहे, त्याने सांगितलं. वरून हुकूम आहे की मुलाखती चालू ठेवायच्या, म्हणजे बाजारात कंपनी जोरात दिसते. रोज तो लोकांना बोलावतो, बसवतो, 'बता देंगे' म्हणतो. आणि सोमवारी त्याला स्वतःलाही नोटीस मिळाली आहे.

 विठाबाई पदर सावरत उठल्या आणि स्थळ आम्हाला पसंत नाही, असं त्यांनी शुद्ध मराठीत जाहीर केलं. चिरागला भाषा कळली नाही, निकाल कळला. आयुष्यात पहिल्यांदाच एका उमेदवाराच्या घरच्यांनी त्याला नकार दिला होता. तो हसायला लागला आणि मग त्याला थांबता येईना. हसू आवरल्यावर त्याने विचारलं, बस पानिपतला चालली आहे का? तो पानिपतचाच होता आणि कंपनीची गाडी बंद झाली होती.

अशा रीतीने एचआर खात्यासह मंडळी काला अंबला पोचली. धुकं विरलं होतं. बायका नमस्कार करून आल्या, घोषणा झाल्या, दोघीतिघींचे डोळे भरून आले. चिराग लहानपणापासून इथे खेळलेला. पण एक गोष्ट विचारायचं त्याचं राहून गेलं होतं. तुम्ही लोक हरलात त्या जागी दरवर्षी एवढ्या लांबून येता कशाला?

विठाबाईंनी समाधानला भाषांतर करायला लावलं. इथे हरलो, आणि दहा वर्षांनी आमची माणसं पुन्हा दिल्लीत होती, हे त्याला सांग.

"दस साल?" चिराग म्हणाला. "मेरे पास तो एक महीना है."

बायका पुढे बागेत गेल्या. दोघे बाकावर बसले. समाधानने फोन काढला, नीलमचं नाव काढलं आणि फोन परत खिशात ठेवला. काय सांगायचं ते त्याला अजून जुळवता येत नव्हतं. शेजारी चिराग नुसताच तळहात चोळत होता. मग तो हळूच म्हणाला की परवा त्याची एक मुलाखत आहे, करनालला. अकरा वर्षं तो मुलाखती घेत आला. द्यायची कशी ते त्याला माहीत नाही.

या एका विषयात समाधानइतका अनुभवी माणूस सगळ्या दिल्ली-एनसीआरमध्ये नसेल. तो बाकावर ताठ बसला आणि म्हणाला, "अपने बारे में बताइए."

चिरागने घसा साफ केला. नाव सांगितलं, अनुभव सांगितला. मग अडखळला आणि म्हणाला, "दो बेटियाँ हैं. घर पे अभी बताया नहीं."

मुलाखतीत घरचं बोलायचं नसतं. समोरचा लगेच घड्याळाकडे पाहतो, हे समाधानने अनेकदा पाहिलं होतं आणि चिरागने तर अनेकदा केलं होतं. समाधान चूक दाखवून देणार होता. पण त्याने चिरागच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो बाकावर थोडा त्याच्याकडे सरकला.

"नाम क्या हैं उनके?" त्याने विचारलं. "आराम से बोलिए."