अण्णाने गोधडीत उघडलेला कॅमेरा

अण्णा गेल्याचं मला शाळेत कळलं. फळ्यावरचं गणित अर्धं टाकून निघाले... त्याला आता महिना झाला. माझा थोरला भाऊ, ओझरच्या कारखान्यात फिटर. पंचवटीत आमच्या गल्लीतला कुठलाही बिघडलेला रेडिओ त्याच्याकडेच यायचा. आणि घरात त्याची ओळख काय, तर ‘दादांचा फोटो घालवणारा’. मला याचा राग येतो, म्हणून पेपरात लिहिते.

दादा म्हणजे आमचे वडील. फोटो म्हटलं की तोंड फिरवायचे. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, दिंडोरीला मावशीच्या द्राक्षबागेत, अण्णाने मित्राच्या छोट्या कॅमेऱ्यात त्यांना हसताना पकडलं. लगेच खटका अडकला, रोल पुढे सरकेना. मी जोर लावायला गेले, तर त्याने हात धरला. फिल्म फाटेल, म्हणाला, बघू सावकाश. पंधरवड्यात दादाच गेले.

तेराव्याला ठेवायला फोटो तो एकच. स्टुडिओवाला अडकलेला रोल काढायला चार दिवस थांबा म्हणाला आणि तेरावं तर परवावर आलेलं. झाकण उजेडात उघडलं तर रोल खलास, म्हणून अण्णा भर दुपारी खिडक्या लावून, कॅमेरा घेऊन दोन गोधड्यांत शिरला. दाराशी राखणीला मी. फिल्मच्या कडेची भोकं फाटलीत, हाताने गुंडाळतो, असं तो आतून म्हणाला. मी त्याच्यासाठी पाणी आणायला वळले, तेवढ्यात आई आली, दाराच्या फटीतून डोकावली. चैत्राच्या उकाड्यात पोरगा गोधड्यांखाली हलतोय... तिला वाटलं, हुडहुडी भरली. कुंकू पुसून अकरा दिवस झालेले. ‘आता हाही चालला का रे देवा,’ म्हणत तिने दार सताड उघडलं आणि दोन्ही गोधड्या ओढल्या.

अण्णा घामाने निथळत होता, मांडीवर उघडा कॅमेरा. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मग आईला म्हणाला, ‘ताप नाही गं. माझाच हात चुकला. फिल्म गेली.’

आईला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने ते खरं मानलं आणि दहा वर्षं, सणावारी, पाहुण्यांदेखत त्याला ऐकवलं. तो खाली मान घालून जेवायचा. एकदा मीच चिडले, सांगून टाक म्हटलं. तो म्हणाला, ‘मला बोलून तरी घेते. स्वतःला काय बोलेल, कुसुम?’

आईला आता दिसत नाही, पेपर मी वाचून दाखवते. तुमच्यापैकी कोणी घरी आलात तर तिच्यासमोर एवढं सांभाळा. यात अण्णाचं नाव आहे म्हटल्यावर ती दोनदा वाचायला लावील. मी वाचीन. गोधडीपाशी आले की म्हणेन, इथे अण्णाचा हात चुकला.