यशस्वी माणसाची सकाळ

बबन पेंटर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात मुलाकडे होतो. पलीकडून त्याची बायको शालन एवढंच म्हणाली, "भावजी, तुमचं जोडीदार गेलं." जोडीदार... त्या शब्दाने मला झोप लागू दिली नाही. म्हणून दीड महिन्याने हे लिहितो आहे.

माधवनगरात आमचं पेंटिंगचं दुकान होतं. पाटी माझ्या नावाची, हात बबनचा. एका दारू कंपनीने सोड्याच्या नावाखाली भिंती रंगवायचं काम दिलं. कोटातला देखणा माणूस, हातात सोनेरी ग्लास, खाली 'यशस्वी माणसाची संध्याकाळ'. कडेगावकडच्या एका गावात ती जाहिरात रंगवून झाली आणि बबनने समोरची भिंत मागून घेतली. तोच कोट, तोच ग्लास, तीच वळणदार अक्षरं. फक्त माणूस गटारीकडेला आडवा, एक बूट पायात, दुसरा कुत्र्याच्या तोंडात. खाली 'यशस्वी माणसाची सकाळ'. एसटीतून उतरणारे दोन्ही भिंती बघून हसायचे. त्या हसण्यापुढे कोटवाल्याचा रुबाब टिकला नाही.

आडव्या माणसाचं तोंड बबनचं स्वतःचं होतं. दारू सोडून त्याला तीन वर्षं झाली होती. स्वतःचं कशाला काढलंस, असं मी विचारलं.

"दुसऱ्याचं काढलं तर त्याची पोरं शाळंत कशी जातील रं? मी तसाच पडत हुतो गड्या. ह्यो चेहरा माझ्या मालकीचा हाय."

एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

माझ्यात तर नव्हतीच. कंपनीचा माणूस दुकानात येऊन शिव्या देऊ लागला, तेव्हा मी बबनकडे बोट दाखवलं, दारुडा आहे म्हणालो. पुढे गावातल्या बायकांनी मतदान घेऊन दारूचं दुकान बंद पाडलं आणि चित्रकाराला सत्काराला बोलावलं. बबन खंडाळ्याला कामावर होता. शाल मी घेतली. तोंड कुणाचं, असं विचारल्यावर काल्पनिक म्हणालो. परतल्यावर त्याला सगळं कळलं. रंग ढवळता ढवळता त्याने विचारलं, "ऊब लागती का शालीची?" पुन्हा कधी विषय काढला नाही...

गेल्या आठवड्यात शालनला घेऊन त्या गावी गेलो. रंग विटलाय, तोंड अजून ओळखू येतं. जमलेल्या बायकांना खरं काय ते सांगितलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'चित्र आणि चेहरा : बबन पेंटर'. अक्षरं वाकडी आली.

शालन बघत राहिली. मग म्हणाली, "असली वाकडी अक्षरं त्येंनी पुसाय लावली असती, भावजी."

मी पुसलं, आणि पुन्हा लिहायला घेतलं.