तीन वर्षं निरंक

पावसाळी जंगलात प्राणी-पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा पहिल्याच सकाळी भ्रमनिरास होतो. गळ्यात महागडी दुर्बीण, जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत मोजे, अंगावर सगळं खाकी-हिरवं, आणि समोर काय? पानं. पानांमागे पानं. समुद्राच्या वाळूपासून हाकेच्या अंतरावर सुरू होणारं हे जंगल इतकं दाट आहे की पाच हातांवर बसलेलं माकडही दिसत नाही. इथे आधी ऐकायचं आणि मग नशिबात असेल तर बघायचं. म्हणूनच लॉजचे मालक आपल्या म्हाताऱ्या गाईडची ओळख करून देताना डोळ्यांचा विषयच काढत नसत. "हे आमचे कानसेन," एवढंच म्हणत.

कानसेन चौसष्ट वर्षांचे होते आणि त्यातली सदतीस वर्षं याच पायवाटांवर गेली होती. चालता चालता ते उजव्या हाताचं बोट वर करत. बोट वर गेलं की सगळी रांग जागच्या जागी थिजायची, शिंक आलेला माणूसही नाक दाबून उभा राहायचा. मग ते हलक्या आवाजात सांगत, "डावीकडे, तिसरं झाड, मधली फांदी." आणि तिथे खरोखर काहीतरी असायचं. पाहुणे थक्क व्हायचे. कानसेनही दरवेळी थोडेसे खूश व्हायचे. नाही का व्हावं? देवाने दिलेली तेवढी एकच गोष्ट होती.

त्यांच्याकडे एक वही असे. महिन्यातून एकदा ते मेहुण्याच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी जात, ठरलेल्या बारा जागी दहा-दहा मिनिटं बसत आणि जे ऐकलं ते लिहीत. जे ऐकलं नाही, त्याच्यापुढे लिहीत: निरंक. इतर लॉजवरचे गाईड वहीत भर घालायचे. न दिसलेले प्राणी दिसायचे, एकाचे चार व्हायचे. कानसेन मेले तरी तसं करणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वनखात्याचा तरुण साहेब म्हणायचा, "बाकीच्यांच्या वह्या मी तपासतो, काकांची नुसती उतरवून घेतो." त्यांची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

इथेच घोडं पेंड खात होतं.

सातव्या जागी, खाडीच्या अगदी काठावरच्या जंगलात, एक अंगठ्याएवढा तपकिरी पक्षी राहायचा. लोक त्याला सुई म्हणत, कारण त्याची शीळ तेवढी बारीक. तीन लांब सूर, मग एक तुटका, खाली घसरणारा. सुई दिसायची वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तीही शेपटीच. ऐकू मात्र यायची, फक्त थंडी सरल्यावरच्या दोन-अडीच महिन्यांत. साऱ्या किनाऱ्यावर तेवढा एकच तुकडा तिचा होता. कानसेनांच्या एकसष्टाव्या वर्षी ती ऐकू आली नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी घरी येऊन चपला काढता काढता बायकोला सांगितलं, "गेली गं सुई. संपली." आणि जेवले नाहीत.

बायकोला त्या काळात वेगळीच काळजी होती. यांना हाक मारली तर तीनदा मारावी लागे. एकदा नातवाचा ताप बघताना थर्मामीटर काखेत ठेवून हे अर्धा तास बसून राहिले, कारण तो वाजेचना. दुसऱ्या दिवशी तो खराब आहे म्हणून औषधाच्या दुकानात परत करायला गेले. दुकानदाराने समोरच वाजवून दाखवला. कानसेन म्हणाले, "कुठे वाजला?" दुकानदार हसला आणि त्याने मुकाट्याने बदलून दिला. नवाही वाजेना. कानसेनांनी निष्कर्ष काढला की हल्लीच्या वस्तूंना दम नाही. बायको हल्ली पुटपुटते आणि जंगलातले किडेसुद्धा पूर्वीसारखे ओरडत नाहीत, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. सगळं जग बिघडलं होतं, ठीक होते ते फक्त यांचे कान.

पाहुण्यांना ते सुईची गोष्ट सांगू लागले. होडी सातव्या जागी लावून, दोन मिनिटं गप्प बसवून, मग हळू आवाजात: "इथे एक पक्षी होता." ते इतकं छान सांगत की पाहुण्यांचे डोळे भरून येत. त्यांच्या सहलीतला तो सगळ्यांत आवडता भाग झाला होता.

त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीने खाडीकाठचा तो तुकडा मागितला. तिथे जेट्टी आणि चाळीस खोल्या होणार होत्या, पाहुण्यांना जंगल अगदी जवळून बघता यावं म्हणून. हसू नका, अर्जात असंच लिहिलं होतं. नियम असा की सुई तिथे असेल तर एक फांदीही तोडता येणार नाही. साहेबाने कानसेनांची वही मागवली. तीन हंगाम निरंक. कानसेनांनी खाली सही केली. खोटं कसं लिहिणार?

परवानगी मिळाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात पाच पाहुण्यांचा एक गट आला. त्यात गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. दुर्बीण त्यांना धड लावता येत नव्हती, सगळ्या जंगलाला त्या "अगंबाई" एवढंच म्हणत होत्या. तिसऱ्या सकाळी होडी सातव्या जागी लागली. कानसेनांनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि सुरुवात केली, "इथे एक पक्षी होता. सुईसारखी बारीक शीळ. तीन सूर लांब..."

"मग हे काय वाजतंय?" बाई म्हणाल्या.

कानसेनांचं बोट आपसूक वर गेलं. सगळे थिजले. त्यांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. लाटांचा आवाज, होडीवर आपटणारं पाणी, दूर कुठेतरी माकडाची हूप. बाकी काही नाही.

"हो की," दुसरा एक पाहुणा म्हणाला. "केवढ्याने ओरडतोय."

कानसेनांनी होडीतल्या मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा पन्नाशीचा, बोलायला कंजूष.

"तुला येतंय ऐकू?"

"हे? हे तर दरवर्षी असतं, दाजी. किडा आहे ना तो?"

"दरवर्षी?"

"तुम्ही नुसतं वहीत लिहायचात, कधी काही बोलला नाहीत. म्हटलं, पक्षी असता तर दाजींनी बोट वर केलं असतं."

बाईंना काय झालंय ते कळलं नव्हतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना वाचता येत होता. त्या हळूच म्हणाल्या, "फार वरच्या पट्टीत आहे तो. थांबा, मी खाली घेऊन म्हणते." आणि त्यांनी तो सूर आपल्या साध्या, जरा घोगऱ्या आवाजात गुणगुणून दाखवला. तीन लांब. एक तुटका, खाली घसरणारा.

सुई जिवंत होती, आणि तिच्या मरणाच्या कागदावर कानसेनांची सही होती. पाहुण्यांसमोर आयुष्यात कधी रडले नव्हते, त्या दिवशी लाज सोडून रडले.

कानाच्या डॉक्टरने एका कागदावर रेघ काढून दाखवली. अर्ध्यापर्यंत सपाट, मग एकदम खाली. "वरचे सूर गेलेत. हळूहळू गेलेत, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"यंत्र लावून?"

"बोलणं सुधारेल. तुमची ती शीळ नाही येणार परत."

तो कागद जोडून कानसेनांनी अर्ज केला: माझी तीन वर्षांची नोंद चुकीची आहे, माझे कान गेले आहेत, ती धरू नये. साहेबाने त्यांना बसवलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

"काका, तुमची नोंद बाद केली तर नुसती जागा रिकामी राहते. पक्षी आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. परवानाधारक गाईडने स्वतः ऐकल्याची नोंद हवी."

"माझ्या मेहुण्याने ऐकलं. पाच पाहुण्यांनी ऐकलं."

"त्यांच्याकडे परवाना आहे?"

परवाना असलेले बाकीचे गाईड कंपनीने आधीच नोकरीला घेतले होते. कानसेन त्यांच्याकडेही गेले. त्यातल्या दोघांना त्यांनीच बोटाला धरून जंगल शिकवलं होतं. दोघांनीही खुर्ची दिली, तब्येतीची चौकशी केली आणि मूग गिळून बसले. गाणं शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलं, त्यात सुईची शीळ सरगममध्ये लिहून पाठवली होती. साहेबाने ते वाचलं, चांगलं आहे म्हणाला आणि फाईलला लावलं. मेहुण्याने मोबाईलवर आवाज धरायचा प्रयत्न केला, त्यात नुसती लाटांची खरखर आली.

फॉर्म घरी टेबलावर पडून होता. "स्वतः ऐकले" असा रकाना होता, त्यापुढे सही.

बायको म्हणाली, "अहो, लिहून टाका की ऐकलं म्हणून. आहे ना ती तिथे?"

"आहे."

"मग खोटं कसलं त्यात?"

कानसेन दोन दिवस सातव्या जागी बसून आले. शेजारी मेहुणा, सुई बोलली की तो यांच्या गुडघ्यावर बोटाने टिचकी मारायचा. तीन लांब, एक तुटकी. पहिल्या सकाळी चौदा वेळा, दुसऱ्या सकाळी अकरा. घरी येऊन त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं: स्वतः ऐकले. सदतीस वर्षांत पहिल्यांदा न ऐकलेलं ऐकलं म्हणून लिहिलं, आणि अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की बायकोला ते त्यांचं वाटेना.

साहेबाने फॉर्म वाचला. मग फाईल उघडून डॉक्टरचा कागद त्याच्या शेजारी ठेवला.

"काका, एका अर्जात म्हणता मला हा आवाज येत नाही. दुसऱ्यात म्हणता मी ऐकला. मी कुठला खरा धरू?"

साहेबाने फॉर्म परत त्यांच्याकडे सरकवला. "हा मी पाहिलाच नाही. तुमचं इतक्या वर्षांचं नाव आहे, ते राहू दे." पुढच्या हंगामात नव्याने पाहणी करता येईल, असंही त्याने सांगितलं. तोड सोमवारी सुरू होणार होती.

सोमवारी मेहुण्याने न सांगता होडी काढली. सातव्या जागेपासून थोडं दूर, पाण्यातच दोघं थांबले. यंत्राच्या करवती सुरू झाल्या. त्या कानसेनांना व्यवस्थित ऐकू येत होत्या, झाड पडताना होणारा कडकडाटसुद्धा.

"येते का रे?"

मेहुण्याने करवत थांबायची वाट बघितली, मग गुडघ्यावर टिचकी मारली. तीन, एक.

मंगळवारीही मारली. बुधवारी दुपारपर्यंत काठावरची मोठी झाडं आडवी झाली होती आणि एरवी न दिसणारं आतलं सगळं दिसत होतं: उघडी लाल माती, आभाळ, पलीकडचा डोंगर. कामगार जेवायला बसले. करवती बंद झाल्या.

"येते का?"

मेहुणा खूप वेळ ऐकत राहिला. मग त्याने टिचकी मारली. तीन लांब, एक तुटकी.

टिचकी मारताना तो यांच्याकडे बघत नव्हता. तो खोटं बोलतोय हे कळायला कान लागत नाहीत. कानसेनांनी त्याचा हात धरला, हलकेच बाजूला ठेवला. मग पिशवीतून वही काढली, तारीख घातली, जागा क्रमांक सात लिहिलं, आणि त्यापुढे नेहमीच्या वळणदार अक्षरात निरंक.

या वेळी नोंद बरोबर होती.