पुसलेली पाठ

नातू तालमीतून आला, की त्याच्या अंगाला ताक-हळद घातलेल्या लाल मातीचा वास येतो. मला धोंडिबा आठवतो.

संस्थानाच्या काळातली, मार्गासनीच्या जत्रेतली कुस्ती. धोंडिबा डोंगरातला मेंढपाळ. अंगानं रेड्यासारखा, हालचालीत बेंगरूळ. डाव एकही धड येत नव्हता. मी तालमीतला देखणा पैलवान. लोक त्याला हसत होते. त्यानं मला नुसतं कवेत घेऊन आवळलं आणि उताणं पाडलं. गार माती माझ्या दोन्ही खांद्यांना लागली. पंच नेमके पलीकडच्या बाजूला होते.

जिंकलेल्यानं हरलेल्याची पाठ पुसायची, ही आमच्याकडची रीत. धोंडिबानं मला उठवलं, कडेला ठेवलेला आपला पटका आणला आणि माझी पाठ पुसली. पंच वळून आले, तेव्हा तिथं मातीचा कणही नव्हता. बघे सगळे माझ्याच गावचे. धोंडिबाच्या बाजूनं साक्ष द्यायला एकही पुढं आला नाही.

धोंडिबा गोंधळून म्हणाला, “पैलवान, तुमीच सांगा की, पाठ लागली का न्हाई?”

“न्हाई,” मी म्हणालो. पंचांनी त्याची जीत धरली नाही.

आजही पारावर त्याचा विषय निघतो. “धोंडिबा नुसता आडदांड. त्याला कुस्ती कुठं येत व्हती?”

मी तिथंच बसलेला असतो.