अण्णांची पाठ आणि कुंदाताई

कुंदा मयेकर या बाईवर अन्याय झाला तो २००२ साली, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजता, रत्नागिरीत, आमच्या घरात. करणारे माझे वडील. शेजारी गप्प उभी होते ती मी. पत्रकात पहिल्या ओळीत अन्याय झालेल्याचं नाव घालायचं, असं मला स्त्रियांच्या चळवळीत शिकवलंय. म्हणून आधी हे.

माझे आजोबा, अण्णा, निवृत्त शिक्षक. त्याच्या दोन वर्षं आधी अर्धांगाच्या झटक्याने त्यांची डावी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांचं अंग पुसायला, भांडं द्यायला, कूस बदलायला कुंदाताई मिरकरवाड्यातून चालत येत. घड्याळाकडे त्या बघत नसत. रस्त्यावरून पावस गावाची एस.टी. गेली की म्हणत, "पावसची गाडी गेली, अण्णानू. आता उजव्या कुशीवर." ती गाडी कधी उशिरा आली तर ड्रायव्हरला शिव्या घालत, पण कूस वेळेवर बदललेली असे. अंग पुसताना जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, बाकी चादरीखाली, आणि दार लोटलेलं. मी एकदा तशीच आत शिरले तर म्हणाल्या, "भायेर थांब, बाय. मास्तर हायत ते. वर्गात कधी उघडे बसले नसतील."

त्यांची एक पद्धत होती. संध्याकाळी निघण्याआधी घरातल्या एकाला बोलवायचं, अण्णांना कुशीवर करायचं आणि पाठ, कंबर, टाचा दाखवायच्या, कुठे व्रण नाही ना म्हणून. "बगा, मंगच मी जातंय." आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी बघायची पाळी माझ्यावर होती. हातात घरकामगार स्त्रियांच्या सन्मानाच्या पत्रकांचा गठ्ठा, बाहेर मैत्रिणी खोळंबलेल्या. मी दारातूनच "बघितलं, बघितलं" म्हटलं आणि सटकले.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंचा खाडा होता. दर्याला नारळ वाहायचा सण, त्या दिवशी त्यांच्या वाडीतलं कुणी कामाला जात नाही. त्याच्या पुढच्या सकाळी त्या आल्या तेव्हा अण्णांच्या डाव्या पायावर रुपयाएवढे दोन फोड होते आणि वडील दारात उभे होते.

"परवा गरम पाण्याने भाजलंस आणि काल सणाचं निमित्त करून घरी बसलीस. उद्यापासून येऊ नकोस." एवढ्यावर ते थांबले नव्हते. कुंदाताई दुपारी नाक्यावरच्या वकिलांच्या आईकडे जात. तिथेही वडिलांनी सकाळीच फोन करून सांगितलं होतं, बाई बेपर्वा आहे म्हणून. ज्यांच्या हातात आपलं माणूस द्यायचं त्यांच्याविषयी एवढं एक वाक्य पुरतं. गावातलं एकेक दार बंद होत जातं.

कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. "बाय, तू बगितलं होतंस ना?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरं बोलायचा धीर झाला नाही.

"बरं. आधी ह्यांचा पाय बगू, माझं मागनं," असं म्हणून त्या आत गेल्या. स्वच्छ फडकं भिजवून अलगद पायावर ठेवलं, फोडाला हात लावू दिला नाही आणि डॉक्टरांना बोलवायला लावलं. मला जवळ बसवून म्हणाल्या, "आता नीट बग." डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "काल काय लावलं होतं याला?"

आई भिंतीला टेकली होती. "मी शेक दिला. मीठ तव्यावर तापवून, पुरचुंडीने. पाय गार लागत होता म्हणून."

कुंदाताई आवाज न चढवता म्हणाल्या, "वयनी, तो पाय मुका हाय. जळला तरी सांगायचा नाय. आधी आपल्या कोपराला लावून बगायचं."

वडील पुटपुटले, "झालं ते झालं. ये उद्यापासून."

"झालं ते झालं कसं, भाऊनू? सकाळी फोन केलात तसा आता परत करा. मी हितंच उभी हाय."

वडिलांनी फोन केला. माझी चूक झाली, भाजलं आमच्या घरात, आमच्याच हातून, असं त्यांनी वकिलांना सांगितलं. कुंदाताईंनी शेवटचा शब्द ऐकला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "गाडी गेली मगाशीच. चला, अण्णानू."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात नियम झाला. नुसतं बघायचं नाही, बघितलेलं मोठ्याने बोलायचं. "पाठ कोरडी, टाचा बऱ्या, कमरेला लाली नाही." एस.एस.सी.लाही मी इतकं घोकलं नव्हतं. कुंदाताईंनी पुढे वाडीतल्या सहा-सात जणींना हेच शिकवलं. आज त्यातल्या दोघी सावर्ड्याला आणि एक खेडला घरोघर जाऊन हे काम करतात. कुठल्याही कागदावर या बायकांना कुशल म्हटलेलं नाही. मी म्हणते.

अण्णा तीन वर्षांनी गेले. शेवटच्या अंघोळीसाठी त्यांना कुशीवर केलं तेव्हा पाणी घालणारे शेजारचे काका थबकले. "पाच वर्षं अंथरुणात, आणि पाठीवर एक डाग नाही?" वडील ओसरीवर आले. बायकांमध्ये बसलेल्या कुंदाताईंना हात जोडून म्हणाले, "कुंदाताई, आत या. पाठ शेवटची तुम्ही बघा." जन्मात पहिल्यांदा वडिलांनी त्यांना 'तुम्ही' म्हटलं.

त्या आत गेल्या, बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पाठ कोरडी. टाचा बऱ्या."

तुमच्या घरात कुणी अंथरुणावर असेल, तर हे वाचून हळहळू नका. उठा, आत जा, त्या माणसाची पाठ स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि ती पाठ जी बाई राखते, तिला तिच्या नावाने हाक मारून, काय बघितलंत ते मोठ्याने सांगा. आज, ती घरी जायच्या आधी.